चार मिनिटांत विषमुक्ती

३ मार्च, संध्याकाळी ६.१०
आज कंपनीत ड्रम फुटला. फोर्कलिफ्टवाल्याने काटा थेट ड्रमच्या पोटात घातला. आत कीटकनाशकाचं मूळ औषध, थेंबभरही पाणी न मिसळलेलं. त्याच्या मांडीपासून बुटापर्यंत सगळं अंगावर. लोक सैरावैरा. डोकं ठिकाणावर असलेला एकटा मी. लेबल विभागाचं दार आतून लावून घेतलं (वास पसरू नये म्हणून) आणि काचेतून त्याच औषधाच्या लेबलवरच्या सूचना मोठ्याने वाचून दाखवल्या. कोणी ऐकलं नाही. काच बंद होती हे खरं, पण ऐकायचं असलं की ऐकू येतं.

त्यांनी काय केलं, तर त्याचे कपडे तिथल्या तिथे ओरबाडले आणि त्याच्यावर नळी धरली. पद्धत नाही, क्रम नाही. माणूस वाचला हा निव्वळ योगायोग.

चोवीस वर्षं विषाची लेबलं तपासतोय. शाई फुटली का, कडा उचकटली का, लेबल तिरकं लागलं का. लक्षणांचा रकाना झोपेतून उठवून विचारा: डोकेदुखी, अंधुक दिसणे, घाम सुटणे, तोंडाला पाणी सुटणे, स्नायू फडफडणे, श्वास लागणे. एकही अक्षर मागेपुढे होणार नाही.

४ मार्च
मोठ्या साहेबांनी नोटीस लावली. ३१ तारखेला कॅन्टीनमध्ये 'घरातील आपत्कालीन विषमुक्ती' या विषयावर प्रात्यक्षिकं. कर्मचाऱ्याने घरच्या माणसासह करून दाखवायची. ज्याचं उत्तम, तो नव्या सुरक्षा समितीचा प्रमुख.

संकल्प: प्रमुख मीच. बाकीचे उगाच घाम गाळतील.

५ मार्च
तक्ता तयार. अकरा पायऱ्या. लक्ष्य: चार मिनिटं. प्लॅस्टिकचं कव्हर घालून मोरीच्या दाराला लावला. सरळ लागलाय, फूटपट्टी धरून पाहिलं.

कन्येने वाचला. ती सलूनमध्ये केस कापते, त्यामुळे तिला सगळ्या गोष्टींत कात्री चालवायची सवय. म्हणाली, कपडे काढा, पाणी ओता, फोन करा. तीन गोष्टी झाल्या, उरलेल्या आठ कुठून आणल्यात बाबा? पाण्याचा नंबर नववा का, असंही विचारलं. तिला म्हटलं, आधी शिट्टी, नोंद, रुग्णाला धीर, मग पाणी. ती हसत कामावर गेली. शास्त्र कळायला वाचन लागतं.

रुग्णाच्या भूमिकेसाठी सौ.ची निवड केली. ती सकाळपासून मशीनवर असते, लोकांचे कपडे दुरुस्त करते. म्हणाली, अहो, शाळेचे चाळीस गणवेश द्यायचेत मला, आता कसला खेळ? तिला पटवलं. तशी ती पटते.

७ मार्च
पहिला सराव. सौ. जुन्या गाउनमध्ये मोरीत उभी. मी शिट्टी वाजवल्यावर ती एवढी हसली की शेजारच्या बाईंनी खिडकीतून काय झालं म्हणून विचारलं. वेळ: तेवीस मिनिटं. सराव संपल्यावर तिनेच विचारलं, किती वेळ लागला? सांगितलं. तर म्हणाली, तेवढ्यात माझा एक गणवेश झाला असता.

दोष माझ्या योजनेत नाही. वातावरणनिर्मिती कमी पडली. खरा, विषापासून वाचवणारा सूट हवा.

९ मार्च
स्टोअरकीपरला भेटलो. सगळ्या किल्ल्या कमरेला लावून फिरतो म्हणून त्याला आम्ही कुलूप म्हणतो. ड्रमची सांडलवंड पुसताना वापरलेले सूट मागच्या खोलीत लाल पिशव्यांत बांधून ठेवलेत, महिनाअखेर भट्टीत जाणार. एक मागितला. कुलूप म्हणाला, तो सूट फरशी पुसायलासुद्धा देणार नाही, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याची किडनी मागितली. माणसाला अधिकार मिळाला की असं होतं.

१० मार्च, दुपारी ३.००
कुलूप जेवायला गेला. किल्ली आज खिळ्याला होती. माझ्या हातांत कोरे रबरी हातमोजे, कारण मी नियम पाळणारा माणूस आहे.

पिशवीवर लेबल: 'नष्ट करण्यासाठी. हात लावू नये.' इतकं तिरकं लावलेलं की बघवेना. अलगद काढलं, सरळ करून पुन्हा चिकटवलं. सूट माझ्या पिशवीत, लाल पिशवीत रद्दी. कुणाचंही नुकसान नाही. सूटवर नळी मारून झालेली आहे. शिवाय सूटचं कामच मुळी विष बाहेर ठेवणं. म्हणजे आत काही असायचा प्रश्नच येत नाही.

११ मार्च
सूटच्या गुडघ्याखाली आणि बाह्यांवर मोठे तपकिरी डाग. सौ.ने विचारलं, हे कसले? म्हटलं, शाईचे. आमच्या विभागात शाई असते, त्यामुळे हे पूर्ण खोटं नाही. वास कसला येतोय, विचारलं. म्हटलं, नवीन शाई आहे.

प्रात्यक्षिकात डागाळलेला सूट बरा दिसणार नाही, अशी मी खंत व्यक्त केली. यावर सौ.ने जे सुचवलं त्याला तोड नाही. म्हणाली, उलटवून देते की. शर्टची कॉलर झिजली की ती उसवून उलट बाजूने शिवते, झिजलेली बाजू आत जाते, कॉलर नवी दिसते. वीस वर्षं लोकांच्या कॉलरी उलटवतेय. दुपारभर बसून तिने अख्खा सूट उसवला आणि उलटा शिवला. नेहमीसारखी दोरा दातांनी तोडत होती. कात्री समोर असते, पण सवय.

संध्याकाळी पाहतो तर पांढराशुभ्र सूट. सगळे डाग आत. बायको असावी तर अशी. तिला तसं म्हटलंसुद्धा. ती लाजली.

१२ मार्च
सौ.चं डोकं दुखतंय. सुई ओवता येईना. तीन वेळा दोरा चुकला, मग कन्येकडून ओवून घेतली. वयाचा परिणाम. उद्या तिच्यासाठी चष्म्याचं बघायला हवं.

१४ मार्च
सराव, सूट घालून. अकरा मिनिटं! वातावरणाचा फरक. सौ.चा अभिनय एकदम सुधारला. पंखा चालू असताना कपाळावर घामाचे थेंब. विचारलं, कसं जमवलंस? म्हणाली, जमवलं नाही, खरंच घाम येतोय. चांगले नट असंच म्हणतात.

१७ मार्च, सकाळी ११.००
सौ.ला चष्म्याच्या दुकानात नेलं. नंबर तोच निघाला. चष्मेवाल्याने तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली, पुन्हा मारली. म्हणाला, बाहुल्या फार बारीक दिसतायत, टाचणीच्या टोकाएवढ्या, डॉक्टरांना दाखवा. काचा विकणाऱ्याने काचा विकाव्यात. दुसऱ्या दुकानात जायला हवं होतं.

२० मार्च
तीन दिवस सराव नाही, कारण माझा घसा बसलाय (शिट्टीमुळे). सौ. ठणठणीत. पंधरा गणवेश हातावेगळे केले, गुणगुणत होती. म्हणजे सराव नसला की दुखणं नाही, सराव आला की दुखणं. यावरून काय ते समजायचं. तिला सरावाचा कंटाळा आलाय आणि स्पष्ट सांगायची हिंमत नाही.

संकल्प: भावनेच्या आहारी जायचं नाही.

२१ मार्च
सराव. सात मिनिटं वीस सेकंद. आज सौ.च्या तोंडाला सारखं पाणी सुटत होतं, रुमाल ओला झाला. कन्येने मला बाजूला घेऊन विचारलं, बाबा, आईला काय होतंय? तुम्हाला दिसत नाही का? मी तिला शांतपणे समजावलं की तुझी आई भूमिकेत शिरली आहे. घाम, अंधुक दिसणं, तोंडाला पाणी. लेबलवरच्याच गोष्टी करते आहे.

विशेष म्हणजे लक्षणांचा रकाना मी सौ.ला कधीच वाचून दाखवला नव्हता. उपजत कला.

२२ मार्च
कन्या आईला डॉक्टरकडे नेते म्हणत होती. सौ. म्हणाली, यांचं ३१ तारखेचं होऊन जाऊ दे, मग जाऊ. एवढी वर्षं ह्यांना कुठे काही मिळालंय? हे मी आतल्या खोलीतून ऐकलं. डोळ्यांत पाणी आलं. मग प्रमुखपद मिळाल्यावर तिला काय घ्यायचं याचा विचार केला. इलेक्ट्रिक मशीन.

२४ मार्च
पाच मिनिटं चाळीस सेकंद. सौ.ची डावी पापणी आणि करंगळी आपोआप उडते. बोट धरून ठेवलं तरी आत फडफड लागते. तिने विचारलं, किती वेळ लागला? सांगितलं. म्हणाली, आलं की जवळ. आणि तिथेच भिंतीला टेकून बसून राहिली.

२७ मार्च, रविवार, सकाळी १०.४५
आज रंगीत तालीम. साहेबांवर छाप पडायला विष डोळ्यांना दिसलं पाहिजे, म्हणून फवाऱ्याच्या बाटलीत निळा रंग घातलेलं पाणी. सूट पूर्ण भिजवायचा. ऊन कडक आहे, सौ. म्हणते सूटमध्ये गुदमरतं. तिला सकाळी दहापासूनच सूट घालून बसवलंय, सवय व्हावी म्हणून. कन्या भाजी आणायला गेली आहे, त्यामुळे व्यत्यय नाही. वही मोरीबाहेर स्टुलावर ठेवली आहे. मिनिटामिनिटाची नोंद करणार.

११.३१ शिट्टी. घड्याळ सुरू. शिट्टीआधीच सौ. खाली बसली. घाई केली, पण बसली छान.
११.३३ आडवी झाली. अप्रतिम. साहेब उभे राहून टाळ्या वाजवतील. मी वाजवल्या.
११.३५ तोंडातून फेस. हे सांगितलं नव्हतं.
११.३६ पायरी तीन, नोंद: रुग्णाचं नाव विचारा. विचारलं. उत्तर नाही.
११.३८ पायरी चार, धीर द्या. दिला.
११.३९ पुरे झालं आता असं म्हटलं. दोनदा.
११.४० अगं

२८ मार्च, हॉस्पिटल, सकाळी ८.१५
सौ. श्वासाच्या मशीनवर आहे. कन्या काचेला कपाळ लावून उभी. मी बाकावर. वही कालपासून खिशात होती.

काल कन्या आली तेव्हा मी सूटची बटणं काढत होतो. तक्त्यावर तसंच आहे, पायरी सहा, वरून खाली, क्रमाने. हातमोज्यांत बटणं सापडत नव्हती. कन्येने भाजीची पिशवी तिथेच टाकली, मला बाजूला ढकललं, हातांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि कामाची कात्री घेऊन सूट गळ्यापासून पायापर्यंत एका दमात कापला. डोक्यावरून काही काढलं नाही. आतून सूट निळा आणि तपकिरी, सौ.च्या अंगाला चिकटलेला. तिने तो लाथेने कोपऱ्यात सारला. आईची मान मोरीच्या कट्ट्यावर मागे टेकवली, सलूनमध्ये गिऱ्हाइकाची टेकवतात तशी, म्हणजे केसांचं पाणी डोळ्यांत जाणार नाही. मग साबण, पाणी, साबण, पाणी. कानांमागे, नखांत. बादलीवर बादली. मला ओरडून म्हणाली, फोन करा!

इमर्जन्सीचा नंबर तक्त्यावर अकराव्या पायरीत होता. तक्ता भिजला होता, कव्हरमध्ये पाणी शिरून शाई फुटली होती. माझ्या हातून तपासलेली शाई. शेजारच्या बाईंनी फोन केला.

सकाळी ११.००
डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून चालू आहे? कन्येला तारखा सांगता येईनात. मी म्हटलं, माझ्याकडे नोंद आहे. खोटं कशाला बोलू, म्हणताना किंचित अभिमान वाटला.

वहीला कुणी उघड्या हाताने शिवायचं नाही म्हणाले. कन्येने हातमोजे घालून पानांचे फोटो काढले. डॉक्टरांनी तिच्या फोनवर वाचले. बारा तारीख, चौदा, सतरा, एकवीस, चोवीस. मोठं करून वाचत होते. मध्येच त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा फोनकडे. मग विचारलं, तुम्ही काय काम करता? सांगितलं. म्हणाले, त्या औषधाच्या लेबलवर लक्षणं लिहिलेली असतात का? म्हटलं, असतात. म्हणाले, कोणती?

मी सुरुवात केली. डोकेदुखी. अंधुक दिसणे. घाम सुटणे. इथे थांबलो. चोवीस वर्षांत पहिल्यांदा पुढचं आठवेना. आठवत होतं. म्हणवेना.

शाईचं कन्येनेही वाचलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

२९ मार्च
कुलूप येऊन गेला. बराच वेळ उभा राहिला, किल्ल्यांवर हात दाबून, आवाज होऊ नये म्हणून. म्हणाला, लाल पिशवीवर सरळ लेबल पाहिलं तेव्हाच ओळखलं होतं की तुम्ही येऊन गेलात. आमच्या हातून इतकं सरळ कधी लागत नाही. वाटलं, तुम्हाला बघवलं नसेल, नीट करून गेला असाल. पिशवी उघडून बघायला हवी होती मी. आणि तो रडला. मला त्याचा राग यायला हवा होता, आला नाही.

कंपनीने चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका असं कळवलंय.

३० मार्च, दुपारी
सौ.चं श्वासाचं मशीन काढलं. स्वतः श्वास घेते आहे. इंजेक्शनं चालू. डॉक्टर म्हणाले, हाताच्या बोटांना मुंग्या आहेत, जाड वस्तू धरता येईल, बारीक नाही. सुधारणा होईल का? होईल, हळूहळू. पूर्ण? त्यावर त्यांनी पेन खिशाला लावलं.

घरी सफाईवाले आले. खरे सूट घातलेले, तोंडावर मास्क. त्यांनी सांगितलं की कापलेला सूट, आमचे त्या दिवशीचे कपडे, टॉवेल, सगळं दोन-दोन पिशव्यांत बांधायचं. मग विचारलं, सूट घरात कुठे कुठे लागलाय? मी सांगत गेलो. पलंगाखाली ठेवला होता. म्हणजे चटई, गादी. सोफ्यावर टाकला होता. शिवणमशीनवर दुपारभर होता. मशीनचं टेबल लाकडी, लाकूड शोषून घेतं, न्यावं लागेल. दोऱ्यांचा डबा. टेप. तिची कात्री, जी ती दोरा तोडायला वापरत नव्हती. राहिलेले पंचवीस गणवेश. ते लिहून घेत होते आणि मी सांगतच होतो. एवढी बिनचूक माहिती मी आयुष्यात कुणाला दिली नसेल.

३१ मार्च
प्रात्यक्षिकं झाली. कुलूपने फोनवर सांगितलं, मी विचारलं म्हणून. फोर्कलिफ्टवाला आणि त्याची बायको. तिने सरळ कात्री घेतली, त्याचे कपडे कापले, बादली ओतली, फोन लावला. सगळ्यांसमोर तो चड्डीवर उभा, कुणी हसलं नाही. एक मिनिट दहा सेकंद. समितीचा प्रमुख तोच.

मी त्याचं अभिनंदन करायला हवं. उद्या करीन.

२ एप्रिल, संध्याकाळी ५.३०
नाही केलं.

आज सौ. बोलली. आवाज फुटका, पण शब्द कळतात. कन्या पाणी आणायला बाहेर गेली होती. शाईचं तिला कळलंय, कन्येने सांगितलं. हाताची बोटं पांघरुणावर चाळवत होती, सुईत दोरा ओवताना चाळवते तशी. मग माझ्याकडे बघून विचारलं, किती वेळ लागला?

नेहमी विचारायची, तसंच.

म्हटलं, चार मिनिटं.

म्हणाली, बरं. जमलं मग तुम्हाला. आणि भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं हसली. वाकून पाहिलं. नव्हती हसली.

सफाईवाले उद्या उरलेलं न्यायला येणार आहेत. वहीसुद्धा द्या म्हणाले, स्टुलावर होती, सूट हाताळलेल्या हातांनीच धरलेली. म्हणून इथे लिहून ठेवतो, कारण हे पान आता कुणी वाचणार नाही. अकरा मिनिटं. ११.३१ ला ती खाली बसली, ११.४२ ला तिच्या अंगावर पहिलं पाणी पडलं, आणि ते मी ओतलं नाही. सूट घालून ती त्याआधी दीड तास बसली होती, ते वेगळंच. अकरातली नऊ मिनिटं मी तिच्यापासून दोन हातांवर उभा राहून लिहीत होतो. एकदा टाळ्या वाजवल्या. डाग शाईचा नव्हता, हे मला दहा तारखेपासून माहीत होतं.

लाल पिशवी समोर आहे. लेबल मीच लिहिलं: 'नष्ट करण्यासाठी. हात लावू नये.' तिरकं लागलं. राहू दे.